पर्यावरण अर्थशास्त्राचे मेजर बंद करू नये : विद्या परिषदेस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
विद्या परिषद व अर्थशास्त्र अभ्यास मंडळ

सन्माननीय सदस्यहो,

पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधनांचे अर्थशास्त्र हे पदवीचे स्वतंत्र मेजर (मुख्य विषय) येत्या शैक्षणिक वर्षापासून बंद करावे आणि त्याऐवजी सर्वसाधारण अर्थशास्त्राच्या शेवटच्या सत्रात दोन क्रेडिटचा एक ऐच्छिक पेपर ठेवावा, असा प्रस्ताव आपल्यासमोर आहे. प्रस्तावासोबतच्या टिपणात तीन कारणे दिली आहेत. प्रवेश कमी होतात. विषयाचा बराचसा भाग सूक्ष्म अर्थशास्त्रात येऊनच जातो. आणि ज्यांना खोलात जायचे आहे त्यांना पदव्युत्तर स्तरावर तशी सोय आहे. यांपैकी एकही कारण मला पटलेले नाही. अभ्यास मंडळाकडे मी लेखी निवेदन दिले होते. त्याची पोच मिळाली, उत्तर आले नाही. या निर्णयाचा परिणाम एका विभागाच्या वेळापत्रकापुरता राहणार नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे.

मी याच मेजरची पदवीधर आहे. प्रकल्पांचे खर्च-लाभ विश्लेषण तपासणे हे आज माझे काम आहे. धरण असो, खाण असो की रस्ता, प्रस्तावात तक्ते असतातच आणि त्यांतल्या बेरजा सहसा बरोबर असतात. चूक असते ती तक्त्यात काय घेतले आणि काय गाळले यात. पाण्याखाली जाणाऱ्या जंगलासमोर फक्त लाकडाची किंमत लिहिलेली असते. खाणीसाठी उपसलेल्या भूजलाचा रकानाच नसतो, कारण त्या पाण्याचे बिल कोणी कोणाला दिलेले नसते. जे गाळले आहे ते आधी शोधायचे, ही सवय मला पदवीच्या वर्षांत लागली, आणि ती अनेक पेपरांतून, प्रयोगवह्यांतून आणि क्षेत्रभेटींतून हळूहळू लागली. शेवटच्या सत्रातल्या एका पेपरातून ती लागली असती असे मला वाटत नाही.

टिपणातले दुसरे कारण सर्वांत गंभीर आहे, म्हणून आधी त्याविषयी. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात पर्यावरण येते ते 'बाह्य परिणाम' या प्रकरणात. कारखाना धूर सोडतो आणि शेजाऱ्याचे नुकसान होते. आर्थर पिगू यांच्या 1920 च्या मांडणीनुसार त्या नुकसानाइतका कर लावावा. रोनाल्ड कोस यांच्या 1960 च्या मांडणीनुसार हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना फारसा खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात. एक आकृती, दोन नावे, आणि प्रकरण संपते. हे शिकवण्यात काही चूक नाही. मात्र त्या आकृतीत काळाला जागा नसते. संसाधनांचा सगळा प्रश्न काळाशी बांधलेला आहे. खनिज तेलासारखी वस्तू आज उपसली की उद्यासाठी उरत नाही. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी 1931 मध्ये सोडवले ते हेच गणित, की अशी वस्तू कोणत्या वेगाने वापरावी. मासे, जंगल, भूजल यांचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे, कारण ते पुन्हा वाढतात, पण किती वाढतील हे आपण मागे किती शिल्लक ठेवले यावर ठरते.

मासेमारीचे मॉडेल आम्हाला दुसऱ्या वर्षी होते. आडव्या अक्षावर मासेमारीचे प्रयत्न, म्हणजे किती होड्या किती दिवस समुद्रात राहिल्या. उभ्या अक्षावर त्यातून वर्षानुवर्षे टिकेल असे उत्पन्न. साठा फार थोडा असेल तर नवी पैदास थोडी, आणि फार दाट असेल तर अन्न आणि जागा अपुरी पडून पुन्हा थोडीच. त्यामुळे उत्पन्नाची रेषा टेकडीसारखी चढून उतरते आणि खर्चाची रेषा सरळ चढत राहते. दोहोंतले अंतर जिथे सर्वाधिक, तिथे समाजाला सर्वाधिक लाभ. परंतु समुद्र सर्वांना खुला असेल तर होड्या तिथे थांबत नाहीत. थोडाही नफा दिसतो तोवर आणखी एक होडी येते, आणि दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात, म्हणजे नफा शून्य होतो, तिथेच ही भर थांबते. कष्ट अधिक, मासे कमी, आणि अखेरीस कोणाच्याच पदरात काही पडत नाही. यात कोणी दुष्ट किंवा मूर्ख असावे लागत नाही, ही गोष्ट फळ्यावर पहिल्यांदा उमगली तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलले नव्हते. ही मांडणी एच. स्कॉट गॉर्डन यांनी 1954 मध्ये केली.

गॉर्डन कॅनडाचे. त्यांच्याच देशात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर जुलै 1992 मध्ये कॉड माशांचा साठा इतका खालावला की सरकारला मासेमारी थांबवावी लागली आणि सुमारे 30,000 लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. ती तीन दशकांहून अधिक काळ टिकली. विद्यार्थ्याला एवढेच सांगितले तर तो म्हणेल, खुला समुद्र म्हणून असे झाले. पण कॅनडाने 1977 मध्येच 200 सागरी मैलांपर्यंत आपला अधिकार वाढवला होता आणि किती मासे पकडायचे याची मर्यादाही ठरवली जात होती. मर्यादा ज्या अंदाजावर ठरत होती तो अंदाजच फुगलेला होता. जहाजांच्या जाळ्यांत मासे भरपूर येत होते, म्हणून साठाही भरपूर असेल असे मानले गेले. प्रत्यक्षात उरलेले मासे थोड्या जागेत दाटले होते आणि त्यांना शोधणारी यंत्रे सुधारली होती. हे समजून घ्यायला गॉर्डन यांची आकृती लागते, माशांचे जीवशास्त्र लागते, आणि नमुना कोठून घेतला हे विचारणारे संख्याशास्त्रही लागते. तिन्ही एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यात एकत्र यावे लागतात. प्रस्तावातल्या नव्या आराखड्यात त्यांपैकी जीवशास्त्र आणि परिसंस्थांचे पेपर पूर्णपणे वगळले आहेत, आणि त्याचे कारण टिपणात कुठेही दिलेले नाही.

जंगलाच्या बाबतीतही हेच आहे. झाड कधी तोडावे याचे अर्थशास्त्रीय उत्तर जर्मन वनतज्ज्ञ मार्टिन फाउस्टमान यांनी 1849 मध्ये दिले. रिचर्ड हार्टमन यांनी 1976 मध्ये दाखवले की उभ्या जंगलाचेही मोल हिशेबात धरले तर तोड पुढे जाऊ शकते, आणि काही ठिकाणी ती कधीच न करणे योग्य ठरते. झाडाच्या वाढीचा वक्र, म्हणजे वयानुसार लाकूड किती वाढते हे दाखवणारी रेषा, वाचता न येणाऱ्याला हे दोन्ही निष्कर्ष पाठच करावे लागतील.

माझी दुसरी तक्रार क्षेत्रकार्य काढून टाकण्याबद्दल आहे. आराखड्यात त्याऐवजी 'केस स्टडी सादरीकरण' आले आहे. ज्या गोष्टींना बाजारभाव नाही त्यांचे मोल कसे काढायचे, हा या विषयातला सर्वांत अवघड आणि सर्वांत वादग्रस्त भाग आहे, आणि तो वर्गात बसून कळत नाही. आमच्या गटाला एका तळ्याच्या काठी प्रश्नावली घेऊन पाठवले होते. लोक कुठून आले, येण्यात किती वेळ आणि खर्च गेला, आणि तळे स्वच्छ राखण्यासाठी वर्षाला काही रक्कम द्यायची झाली तर ते तयार आहेत का, असे विचारायचे होते. एका वयस्कर बाईंनी प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, घाण करणारा वेगळाच, आणि पैसे मी भरायचे होय?" मी त्यांच्या उत्तरापुढे शून्य लिहिले. त्याआधी एका तरुणाने तळे राहिले काय आणि बुजवले काय, आपल्याला सारखेच, असे सांगितले होते. त्याच्यापुढेही शून्यच होते. नंतर वर्गात सरांनी हे दोन फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले की यांची सरासरी काढायची का. बाईंना तळे हवे होते, म्हणूनच त्या रागावल्या होत्या. तरुणाला ते नको होते. दोन्ही शून्ये एकत्र मोजली असती तर ज्यांना तळ्याची सर्वाधिक काळजी होती त्यांच्यामुळेच त्याचे मोल कमी दिसले असते. निषेधाचे शून्य आणि खरे शून्य वेगळे काढावे लागते, हे पुस्तकात एका ओळीत असते. ते कसे काढायचे आणि त्यासाठी पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे मात्र मला त्या दिवशी कळले.

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांच्या सरावाचा नाही. 24 मार्च 1989 रोजी अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन व्हाल्डीझ हे जहाज खडकावर आदळून सुमारे 4 कोटी लिटर तेल सांडले, तेव्हा त्या किनाऱ्यावर कधीही न जाणाऱ्या लोकांचे नुकसान झाले का आणि झाले असल्यास किती, हा वाद थेट भरपाईशी जोडला गेला. अमेरिकी सरकारने केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने 1993 मध्ये अशा सर्वेक्षणांचे नियम घालून दिले. प्रत्यक्ष भेटून विचारा, 'किती द्याल' याऐवजी ठरावीक रकमेवर 'हो की नाही' असे विचारा, आणि उत्तर देणाऱ्याला त्याच्या इतर खर्चांची आठवण करून द्या. यातला प्रत्येक नियम कशासाठी आहे हे काठावर उभे राहून प्रश्न विचारलेल्या विद्यार्थ्याला लगेच समजते.

'पुढचे पदव्युत्तर स्तरावर शिकतील' या कारणाला माझे उत्तर असे की पदवीधरांपैकी बहुतेक जण पुढे शिकत नाहीत. ते पदवी घेऊन कार्यालयांत, बँकांत, स्थानिक संस्थांत आणि वृत्तपत्रांत जातात, आणि तिथे निर्णयांवर सह्या होतात. एक साधा हिशेब पाहावा. आजपासून शंभर वर्षांनी होणारे 1,000 चे नुकसान, चलन कोणतेही घ्या, आज किती मानायचे? डिस्काउंट रेट, म्हणजे भविष्यातली रक्कम आजच्या मोलात आणताना दरवर्षी ज्या दराने ती घटवायची तो दर, 5 टक्के धरला तर सुमारे 7.6. तो 1.4 टक्के धरला तर सुमारे 249. नुकसान तेच, वर्ष तेच, आणि उत्तरात तीसपटींहून अधिक फरक. हवामानबदलावरील 2006 च्या अहवालात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी 1.4 टक्क्यांच्या आसपासचा दर वापरला आणि तातडीने मोठा खर्च करावा असे सुचवले. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी बाजारातल्या परताव्याशी जुळणारा, त्याहून बराच चढा दर धरावा असा आग्रह धरला आणि हळूहळू वाढत जाणारी उपाययोजना सुचवली. नॉर्डहाउस यांना 2018 मध्ये नोबेल मिळाले, तरी वाद मिटला नाही, कारण तो मुळात पुढच्या पिढीच्या हिताला आज किती वजन द्यायचे याचा आहे. अहवालाच्या परिशिष्टात एका ओळीत दडलेला हा टक्का सर्वांत आधी शोधायचा असतो, एवढी जाण पदवीधराला असायलाच हवी. दोन क्रेडिटच्या पेपरात डिस्काउंट रेटची व्याख्या होईल; तो बदलून तक्ता पुन्हा मांडण्याइतका वेळ मिळणार नाही.

काही सदस्यांचा आक्षेप वेगळा असल्याचे समजले. निसर्गाला पैशात मोजणारा विषय निसर्गाचे काय भले करणार, असा तो आहे. या आक्षेपाचा मी आदर करते, कारण प्रवेश घेताना माझ्याही मनात तो होता. पण त्यावरची सर्वांत धारदार चर्चा मी याच मेजरमध्ये ऐकली. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये सामाईक कुरणांचा नाश अटळ असल्याचे म्हटले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 मध्ये दाखवले की लोक एकत्र येऊन शतकानुशतके अशी कुरणे सांभाळत आले आहेत. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात जितक्या गायी हिवाळ्यात पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवता येतात, आणि हा नियम गावाने स्वतः घालून घेतलेला आहे. तिथे बाजारभावही लागला नाही आणि सरकारी हुकूमही. ऑस्ट्रॉम मूळच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. किंमत कुठे लावावी आणि कुठे लावू नये, हे शिकवणारा विषय काढून टाकल्यावर तो प्रश्न कोणत्या वर्गात विचारला जाणार आहे?

प्रवेशसंख्येबद्दल मी थोडक्यात लिहिते. ती कमी आहे हे खरे आहे, आणि दोन विद्याशाखांचे शिक्षक एका वेळापत्रकात बसवणे विभागाला जड जाते हेही खरे आहे. पण प्रवेश पुस्तिकेत या मेजरची माहिती काही ओळींत उरकली आहे आणि पदवीनंतर काय करता येते याचा त्यात उल्लेखही नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंड विद्यापीठात याच नावाचे पदवी मेजर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथेही पर्यावरण अर्थशास्त्र आणि धोरणाचे मेजर चालते, तेही नैसर्गिक संसाधनांच्या महाविद्यालयात. कामाची क्षेत्रेही वाढतच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2012 मध्ये पर्यावरणीय-आर्थिक लेखांकनाची चौकट आणि 2021 मध्ये परिसंस्थांच्या लेखांकनाची चौकट स्वीकारली. असे हिशेब ठेवायला माणसे लागतात. अशा हिशेबाने चित्र किती बदलते याचे उदाहरण जुने आहे. रॉबर्ट रेपेटो आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये इंडोनेशियाच्या उत्पन्नातून तेल, लाकूड आणि मातीची झीज वजा केली, तेव्हा 1971 ते 1984 या काळातली 7.1 टक्क्यांची वार्षिक वाढ 4 टक्क्यांवर आली. कार्बन बाजारांत, म्हणजे प्रदूषक वायू सोडण्याचे परवाने जिथे विकत घेता येतात तिथेही, अशी माणसे लागतात. युरोपीय संघाने 2005 मध्ये उत्सर्जन परवान्यांचा बाजार सुरू केला आणि गरजेपेक्षा जास्त परवाने वाटले गेल्याने 2007 मध्ये त्यांची किंमत जवळपास शून्यावर आली. बाजार उभारणे आणि तो चालेल असा उभारणे यांतला फरक ओळखणारे लोक कुठेतरी तयार व्हावे लागतात.

शेवटची तक्रार कार्यपद्धतीची आहे. प्रस्ताव परीक्षांच्या काळात प्रसिद्ध झाला, हरकतींसाठी अपुरा अवधी मिळाला, आणि सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे काय होणार याबद्दल त्यात एक शब्दही नाही. त्यांनी या मेजरच्या नावावर प्रवेश घेतला आहे. त्यांच्या गुणपत्रिकेवर कोणते नाव येणार, क्षेत्रकार्याची त्यांची क्रेडिट कुठे मोजली जाणार आणि राहिलेले पेपर कोण शिकवणार, या प्रश्नांची उत्तरे त्यांना अजून कोणी दिलेली नाहीत. विभागातल्या शिक्षकांनाही प्रस्ताव सूचना फलकावरूनच कळला.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. प्रस्ताव येत्या बैठकीत मंजूर न करता तो किमान एक वर्ष स्थगित ठेवावा आणि त्या काळात विद्यार्थी, माजी विद्यार्थी, विभागातले शिक्षक आणि जीवशास्त्र विभाग यांचे म्हणणे समोरासमोर ऐकावे. मेजर काही कारणाने आटोपशीर करायचेच असेल तर चार गोष्टी वगळू नयेत : संसाधनांचे काळानुसार चालणारे गणित, परिसंस्थांचा किमान एक पूर्ण पेपर, अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण), आणि मूल्यमापनाचे प्रत्यक्ष क्षेत्रकार्य. जे आज शिकत आहेत त्यांना याच नावाची पदवी पूर्ण करता येईल, असे लेखी आश्वासन नव्या सत्रापूर्वी द्यावे. प्रवेश पुस्तिकेत या विषयाची नीट माहिती द्यावी आणि त्यानंतरच्या प्रवेशांवरून संख्येचा निर्णय घ्यावा. आणि ज्या आकडेवारीवर हा प्रस्ताव बेतला आहे, ती शिक्षकांवरील आणि क्षेत्रकार्यावरील खर्चाच्या तपशिलासह जाहीर करावी, म्हणजे आम्हालाही ती तपासता येईल.

क्षेत्रकार्याच्या खर्चाची अडचण असल्यास माजी विद्यार्थ्यांपैकी आम्ही काही जण सर्वेक्षणाचे प्रशिक्षण विनामोबदला द्यायला आणि प्रश्नावल्या तपासून द्यायला तयार आहोत. तसे लेखी पत्र विभागाकडे दिले आहे. बैठकीत आम्हाला बोलावल्यास आम्ही हजर राहू.

आपली विश्वासू,
या मेजरची एक माजी विद्यार्थिनी